संताजीरावांची गणसंख्या

दिनांक १५ जून २०२५, रविवार, सकाळी दहा वाजता म्हैसूरमधील कुवेंपुनगरच्या समुदाय भवनात खुर्च्या साठ होत्या, बिस्किटांचे पुडे आठ होते आणि माणसे तीन. या तिघांपैकी एक संताजीराव स्वतः, दुसरे पालिकेचे कारकून मनोहरराव आणि तिसरा ध्वनिक्षेपकवाला. तो तर भाड्याने आणलेला!

तरीही संताजीराव प्रसन्न होते. पाणीपुरवठा खात्यातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ तंत्रनिकेतनात शिकले होते. जगातील प्रत्येक गोष्ट आराखड्याप्रमाणे घडते, न घडल्यास दोष आराखड्याचा नसून जगाचा, अशी त्यांची श्रद्धा होती.

"मनोहरराव, आज शंभराची गणसंख्या पूर्ण होणार म्हणजे होणारच! लिहून ठेवा."

"सार, मागच्या दोन्ही वेळी तुम्ही हेच म्हणालात," मनोहरराव जांभई आवरत म्हणाले. "पहिल्या सभेला नऊ माणसं होती. दुसरीला सहा, आणि त्यातले दोघं पावसात आडोशाला आलेले."

प्रश्न साधा नव्हता. राज्य सरकारने जलसंपत्तीचे नवे विधेयक आणले होते. प्रत्येक घराने छपरावरचे पाणी साठवावे, प्रत्येक बोअरवेलची नोंद व्हावी, अशी त्यातली कलमे होती. विधेयकाला स्थानिक संस्थांचा पाठिंबा हवा होता, आणि प्रभागाचा ठराव वैध ठरायला सभेत किमान शंभर मतदार हवे होते. आज तिसरी आणि अखेरची संधी! ही हुकली, तर कागदोपत्री 'या प्रभागास स्वारस्य नाही' असा शेरा पडणार होता. ज्या माणसाने उभे आयुष्य पाणी वाचवा म्हणून घसा कोरडा केला, त्याच्याच प्रभागावर हा शेरा! संताजीरावांना त्या कल्पनेनेच ठसका लागे.

म्हणून या वेळी त्यांनी पत्रके न वाटता आमंत्रणाचे काम पत्नीकडे सोपवले होते. "सुमित्रा, तू घरोघर जाऊन सांग. तुझं लोक ऐकतात."

सुमित्राबाई गेल्या. पण रिकाम्या हाताने कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन 'या' म्हणणे त्यांच्या माहेरी किंवा सासरी कधी घडले नव्हते. त्यांनी चांदीचा करंडा घेतला, ओल्या अक्षता घेतल्या, रेशमी लुगडे नेसले, आणि प्रत्येक सवाष्णीला कुंकू लावून सांगितले, "रविवारी साडेदहाला समुदाय भवनात ह्यांचा कार्यक्रम. जोडीनं यायचं हं!"

आता वाचकहो, तुम्हीच सांगा. यजमानांनी नुकतीच सत्तरी गाठलेली. घरची लक्ष्मी अक्षता देऊन गेलेली. समुदाय भवन घेतलेले. यावरून शेजाऱ्यांनी कोणता निष्कर्ष काढावा? जलसंपत्ती विधेयक? छे! सगळ्या कुवेंपुनगरने एकमुखाने ठरवले: सत्तरीची भीमरथ शांती!

सव्वादहाला पहिले जोडपे आले. बाईंच्या अंगावर म्हैसूर सिल्क, गृहस्थांच्या हातात पुष्पगुच्छ. संताजीराव भारावले. पाणीप्रश्नाबद्दल इतका आदर! मग रिक्षा थांबू लागल्या. साडेदहाला खुर्च्या संपल्या. पावणेअकराला सतरंज्या संपल्या. प्रत्येकजण येई, संताजीरावांच्या पाया पडे, हातात काहीतरी कोंबे. पाचव्या चांदीच्या फुलपात्रानंतर मात्र त्यांच्या अभियांत्रिकी बुद्धीला शंका आली.

इतक्यात नागराज आला. नागराज म्हणजे चार टँकरांचा मालक आणि विधेयकाचा उघड विरोधक. गच्चीच्या टाक्या झाल्या, तर त्याच्या टँकरांना विचारणार कोण? पण आज त्याने चंदनाचा हार आणला होता!

"काका, नमस्कार! शंभर वर्षं पुरी करा! होम कुठं मांडलाय?"

"होम? कसला होम?"

"अय्यो, शांतीचा! भटजी आले नाहीत की काय अजून?"

संताजीराव व्यासपीठावरच्या खुर्चीत एखाद्या फुटलेल्या जलवाहिनीसारखे गळू लागले. त्यांनी पत्नीला बाजूला घेतले.

"सुमित्रा! तू लोकांना काय सांगितलंस?"

"कार्यक्रमाला या म्हटलं. एवढंच."

"आणि अक्षता?"

"मग काय, हात हलवत जाऊ? अहो, आधी डोकी मोजून घ्या. दोनशेच्या वर आहेत! गप्प राहा आणि ठराव करून टाका."

"फसवणुकीच्या पायावर ठराव? अशक्य!" संताजीरावांनी छाती फुगवली, ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि स्पष्ट शब्दांत निवेदन केले: येथे शांती नाही, होम नाही, येथे राज्याच्या जलसंपत्ती विधेयकास पाठिंबा देण्याची प्रभाग सभा आहे.

मग एकदम सगळ्या खुर्च्या करकरल्या.

"म्हणजे जेवण नाही?" मागून कुणीतरी विचारले.

"बिस्किटं आहेत," संताजीराव म्हणाले. सत्य ते सत्य!

लोंढा दाराकडे वळला. शेरा पडणार! संताजीरावांनी डोळे मिटले. तेवढ्यात त्यांच्या हातातला ध्वनिक्षेपक कुणीतरी ओढून घेतला.

"बसा सगळे!" सुमित्राबाईंचा आवाज घुमला. "माझ्या हातचं कुंकू लावून घेतलंत ना? मग जेवल्याशिवाय कोण जातं बघते! तासाभरात बिसीबेळे भात. ज्यांच्या घरी डाळ-तांदूळ आहे त्यांनी घेऊन या, ज्यांना चिरता येतं त्यांनी आत या. पुरुषांनी बसून ह्यांचं ऐका!"

दोनशे माणसे बसली. बायकांनी सिल्कचे पदर खोचले. समोरच्या किराणा दुकानाचे अर्धे फडताळ भवनाच्या स्वयंपाकघरात आले. मोठाली पातेली चुलाण्यावर चढली. नळ सोडला, आणि नळाने नुसतीच शीळ घातली. नगरपालिकेचे पाणी कालपासून बंद! सुमित्राबाई भवनाच्या मागेच असलेल्या आपल्या घरी गेल्या आणि पंप सुरू करून लांब नळी खिडकीतून आत घेतली.

इकडे संताजीरावांच्या आयुष्यात प्रथमच कोणी उठून जात नव्हते. त्यांनी भूजलाची पातळी सांगितली, पाझरखड्डा सांगितला, विधेयकाचे एकेक कलम सोलून दाखवले. स्वयंपाकघरातून मसाल्याचा वास जसजसा दाटू लागला, तसतसे श्रोते अधिकाधिक एकाग्र झाले.

शेवटी नागराज उठला. "काका, तुमचा मान राखून बोलतो. छपराचं पाणी! त्यावर कावळे बसतात, मांजरं फिरतात. असलं पाणी सरकार आम्हाला प्यायला लावणार? माझ्या टँकरचं पाणी बघा, कसं काचेसारखं! मी तर असल्या पाण्यानं गाडीसुद्धा धुणार नाही!"

टाळ्या पडल्या. चांगल्या घसघशीत पडल्या. संताजीराव उत्तर देणार, तोच मनोहरराव म्हणाले, "सार, मतदान जेवणानंतर. उपाशीपोटी माझं मोजणं चुकतं."

पंगत बसली. भात असा झाला होता, की बोलणे बंद पडले. नागराजने तीनदा घेतला आणि केळीचे पान निरखून, आणखी काही उरले नाही याची खात्री केली.

"अक्का, हा भात! आमच्या घरी रोज करतात, पण डाळ अशी लोण्यासारखी शिजत नाही. मसाला कुठला?"

"मसाला समोरच्याच दुकानातला," सुमित्राबाई तूप वाढत म्हणाल्या. "पाण्याचा गुण. जड पाण्यात डाळ नीट शिजते होय?"

"कुठलं पाणी?"

"आमच्या छपरावरचं. मे महिन्यात वळवाचं धरलेलं. तुम्ही तिसऱ्यांदा घेतलंत तेही त्यातलंच."

सगळी पंगत हातातल्या घासासकट थांबली. दोनशे डोकी नागराजकडे वळली. नागराजने पानाकडे पाहिले, छताकडे पाहिले, काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि त्यातून बाहेर पडली एक दीर्घ, तृप्त, निर्विवाद ढेकर!

हशाने भवनाची कौले हलली. नागराज स्वतःच सर्वांत मोठ्याने हसत होता. "आयितु काका, झालं, हरलो! मांडा तुमचा ठराव. आणि ते टाकीचं माप मला पण द्या. टँकरवाल्याच्या घरी डाळ शिजत नाही म्हणून कुणाला सांगू?"

ठराव मांडला गेला. "बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत!" तुपाचे हात, भाताचे हात, बांगड्यांचे हात वर गेले. मनोहररावांनी एकेक बोट रोखून मोजले. संताजीरावांचे डोळे भरून आले. सभेचे अध्यक्ष म्हणून ते स्वतःचे मत सर्वांत शेवटी, शिस्तीने देणार होते.

"आता विरोधात?" मनोहररावांनी विचारले.

नेमक्या त्याच क्षणी नागराजने आनंदाच्या भरात पिशवीतून जरीचा म्हैसूर पेटा, म्हणजे तयार बांधलेली पगडी, काढून संताजीरावांच्या डोक्यावर चढवला. पेटा दोन मापांनी मोठा निघाला. तो कपाळावरून घसरला, चष्म्यावरून घसरला, आणि नाकाशी पोहोचण्याआधी त्याला थोपवण्यासाठी संताजीरावांचा उजवा हात झटकन वर गेला.

"मनोहरराव, हा हात पेट्यासाठी होता!" आतून आवाज आला.

"सार, मी हात मोजतो, कारणं नाही," मनोहररावांनी पेनाला टोपण लावत म्हटले.

ठराव मंजूर. बाजूने २१४, विरोधात १.