सत्तेचाळिसावा भाग आणि मोठ्या बाईंचा कोट

डोळे मिटा बरं. नको नको, मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघडेच ठेवा आणि मनात एक खोली उभी करा. रस्त्याला लागून एक लांबट खोली. खिडकीपाशी शिवणाचं मशीन, भिंतीवर उंच आरसा, कोपऱ्यात जुना टीव्ही, आणि जमिनीवर कापडाच्या चिंध्या इतक्या, की पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडावा. केलीत उभी? आता मशीनमागे चष्मा लावलेले एक आजोबा बसवा. गल्लीत त्यांना टेलरमास्तर म्हणत. आणि त्यांच्या नातीला सगळे बॉबिन म्हणत, कारण मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी ती इवलीशी होती आणि दिवसभर तशीच गरगरत असे.

बॉबिनची आई बस चालवायची. सकाळची पहिली बस तिची, त्यामुळे उजाडायच्या आत ती घराबाहेर. म्हणून बॉबिनची वेणी घालायचं काम चार वर्षं आजोबांकडे होतं. पहिल्या दिवशी त्यांनी वेणीऐवजी गाठ मारली होती आणि ती सोडवायला अर्धा तास लागला होता. पण माणूस शिकतो. आता त्यांची वेणी अशी यायची, की जणू पट्टी लावून आखली आहे.

त्या रविवारी सकाळी मात्र बॉबिन नाचत आली. "आजोबा, बघा! आज मी घातली! माझी मी!"

वेणी डाव्या कानाच्या दिशेने निघाली होती आणि मधेच विचार बदलून उजवीकडे वळली होती. पण होती वेणीच.

"वा!" आजोबा म्हणाले. "झकास!" आणि मशीनवर बसले. सुईत दोरा ओवायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

दुपारी त्यांनी टीव्ही लावला. 'जिन्यावरची सावली' ही त्यांची आवडती मालिका. तिच्यात एक आई मेल्यावरही रोज घरी येते, जिन्यावर उभी राहते आणि मुलीची वेणी घालून जाते. सत्तेचाळिसाव्या भागात मुलगी म्हणते, "आई, आता तू जा. मला येते वेणी घालता." हा भाग आजोबांनी रेकॉर्ड करून जपून ठेवला होता.

"परत तोच?" बॉबिनने विचारलं. "पाचवी वेळ आहे ही!"

"मी कुठे गोष्ट बघतोय? त्या भुताच्या झग्याची बाही बघतोय. खांद्यावर काय बसवलीय! बघून शिकावी अशी."

बॉबिनला बाही काही दिसली नाही. आजोबांचा रुमाल तेवढा दिसला. ती आतल्या खोलीत खेळायला गेली.

आता नीट ऐका हं. आजोबांच्या मांडीवर होता बॉबिनच्या शाळेच्या मोठ्या बाईंचा कोट. लांब, काळा, गुडघ्यापर्यंतचा. आज पाच वाजता मोठ्या बाईंचा निरोप समारंभ होता आणि कोटाचं खालच्या कडेचं अस्तर उसवलं होतं. तिथे हाताने टाके घालायचे होते. आजोबांचे हात असल्या कामात डोळ्यांची वाट बघत नसत, आणि ते बरंच होतं, कारण डोळ्यांना त्या वेळी काहीच दिसत नव्हतं.

टीव्हीतल्या मुलीने तोंड उघडलं, "आई, आता तू..." आणि दारात मोठ्या बाईंचा आवाज आला, "मास्तर, झाला का कोट?"

आजोबांनी झटकन टीव्ही थांबवला, डोळे पुसले, उठले आणि अर्ध्यातच थबकले. कोटही त्यांच्याबरोबर उठला होता. अस्तर, कोट आणि त्यांची स्वतःची पँट, तिन्ही एका ओळीत, बारीक, सुबक टाक्यांनी जोडलेली! असे टाके त्यांनी वर्षभरात घातले नव्हते.

खरं सांगायला काय हरकत होती? पण चाळीस वर्षं सुई धरलेला माणूस भुताची मालिका बघून रडला आणि पँट शिवून बसला, हे मोठ्या बाईंना सांगायचं कसं? छोटी कात्री मिळाली तर दोन मिनिटांचं काम. पण ती जागेवर नव्हती. मोठी लावावी, तर कोटच फाटायचा.

"झाला की!" आजोबा म्हणाले. "घालूनच बघा."

बाईंनी कोट चढवला. आजोबा मागे वाकून उभे. बाई आरशाकडे चालल्या. आजोबा लंगडी घालत मागे. बाई वळल्या. आजोबाही वळले.

"मास्तर, तुम्ही माझ्या मागे का फिरताय?"

"घेर बघतोय, बाई."

"इतक्या जवळून?"

"चष्मा जुना झालाय."

"बरं, मी येते. भाषण पाठ करायचंय." बाई दाराकडे निघाल्या आणि आजोबा स्टुलाला, स्टूल चिंध्यांच्या टोपलीला धडकत फरफटत निघाले.

"मास्तर, कोट सोडा!"

"मी धरलेलाच नाही, बाई!"

"मग कोणी धरलाय?"

आवाज ऐकून बाहेर आलेली बॉबिन खाली वाकून म्हणाली, "आजोबांच्या पँटने."

मोठ्या बाई, ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या हळूच म्हणाल्या, "हे झालं कसं?"

"चष्म्यावर धूळ..." आजोबा पुटपुटले.

"धूळ नाही," बॉबिन म्हणाली, "सत्तेचाळिसावा भाग."

बाईंनी टीव्हीकडे पाहिलं. "वेणीचा?"

"तुम्ही बघता?" आजोबा थक्क झाले.

"एकदा बघितलाय." बाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे, सहा वेळा. शाळेत बोलायचं नाही हं, बॉबिन!"

"नाही बाई. छोटी कात्री माझ्याकडेच आहे. सकाळी वेणीला बांधायची फीत कापायला नेली होती." ती कात्री घेऊन आली आणि एकेक टाका उसवू लागली. दोघांना तसंच शेजारी शेजारी बसावं लागलं.

"बसलोच आहोत तर," बाई म्हणाल्या, "पुढचं लावा."

लावलं. मुलगी म्हणाली, "आई, आता तू जा." आई जिना चढून गेली. रुमाल एकच होता, तो आजोबांनी बाईंना दिला.

"आज पाच वाजता मुलं मला हेच सांगणार आहेत, मास्तर," नाक पुसत बाई म्हणाल्या. "फक्त भाषणं करून. तुम्हाला कशाचं एवढं?"

"मला? मला काही नाही. ती बाही..." आजोबा म्हणाले. पण बोलताना त्यांची नजर समोर वाकलेल्या वाकड्या वेणीवर होती, आणि शेवटचा टाका उसवून बॉबिनने नेमकं तेव्हाच वर पाहिलं.

आजोबांनी अस्तर पुन्हा शिवलं, या वेळी टीव्ही बंद ठेवून, टेबलावर. बाई कोट घालून ताठ मानेने निघाल्या. "रुमाल धुऊन पाठवते," एवढंच म्हणाल्या. आजोबा खाली विखुरलेल्या चिंध्या गोळा करू लागले.

मग बॉबिनने काय केलं? तिने टीव्ही लावला, गोष्ट मागे नेली, आणि भूत अजून जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतं तिथे थांबवून ठेवली. केसांची फीत ओढली, वेणी सोडली, कंगवा आणला आणि आजोबांकडे पाठ करून स्टुलावर बसली.

"आजोबा, घाला ना. मला येत नाही."

"सकाळी तर आली होती!"

"हो," बॉबिन मान न वळवता म्हणाली, "पण उद्यापर्यंत विसरणारे मी."