आपटेकाकांची भारतीय वेळ

एकतीस डिसेंबरला संध्याकाळचे साडेसहा वाजले, की ब्रिस्टलच्या आमच्या गल्लीत आपटेकाका पायात स्लिपर आणि हातात बर्फीचा डबा घेऊन शेजारच्या मार्गारेटबाईंची बेल वाजवत. "हॅपी न्यू इयर!"

"मिस्टर आपटे, अजून माझे बटाटेसुद्धा भाजून झाले नाहीत!"

"तुमचं चालू द्या. भारतात लागलं!"

काका विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. मी नववीत शाळा सोडलेला, एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कांदे चिरणारा. त्यांनी वरची खोली दिली म्हणून मी त्या देशात टिकलो, हे आधीच सांगून टाकतो. माझा जीव सदा टांगणीला. काम राहील ना, व्हिसाचं काय होईल, आई बरी असेल ना. काकांना कसलाच घोर नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ भारताच्या वेळेवर चाले, आणि त्याचा अभिमान असा, जणू ती वेळ त्यांनीच ठरवली होती.

"देश केवढा, घड्याळ एक!" हे त्यांचं पालुपद. "आसामात माणूस कामाला लागतो, तेव्हा द्वारकेत उजाडायचं असतं. पण वेळ विचारा, एकच! आणि हे एवढंसं बेट वर्षातून दोनदा काटे फिरवतं."

"मग आसामातल्यांनी काय पाप केलंय?" मार्गारेटबाईंनी एकदा विचारलं.

"मॅडम, मोठ्या कुटुंबात थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं."

माझा तिथला पहिलाच ऑक्टोबर. दर रविवारी आई खेड्यातून एसटीने तालुक्याला येई आणि दुपारी दोनला मेडिकलवाल्याच्या फोनपाशी बसे. मी इकडून सकाळी साडेनऊला काकांच्या हॉलमधून फोन लावी. त्या रविवारी इंग्लंडची घड्याळं तासभर मागे गेली. मीही शहाण्यासारखं माझं घड्याळ मागे करून निवांत दाढी करत होतो.

"दत्ता!" खालून आरोळी आली. "आई फोनपाशी बसलीय आणि तू आरशापाशी?"

"काका, साडेनऊला अजून तास आहे!"

"घड्याळं यांनी फिरवली, तुझ्या आईनं नाही! तिकडे दोन वाजले. तासाभरात तिची परतीची एसटी सुटेल!"

गालाला साबण तसाच ठेवून मी जिना उतरलो. फोन लागला. आईचा आवाज ऐकल्यावर माझा जीव भांड्यात पडला. झालेला घोटाळा सांगितला, तर म्हणाली, "त्या काकांना दे जरा."

काका रिसीव्हर धरून एकदम ताठ उभे राहिले. "नमस्कार वहिनी."

पलीकडून आईनं, ती सगळ्यांनाच विचारते तसं, विचारलं, "जेवलात का?"

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग हळूच म्हणाले, "आता बसतोच आहे."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत टेकले. "माझी ताई गेली, त्यानंतर तिकडून हे कोणी विचारलंच नव्हतं रे."

मी स्वयंपाकघरात टोस्टर लावायला वळलो.

"टोस्ट नको," काका म्हणाले. "कालचा वरणभात गरम कर. वहिनींना खोटं कसं सांगू?"