एका चिलमीत वाफ

माझी बहीण कस्तुराबाई हिचं लग्न फसली तेराशे पन्नासच्या वैशाखात झालं. इंग्रजी हिशेबानं ते साल एकोणीसशे एक्केचाळीस. साल ध्यानात राहण्याचं कारण असं, की नवरदेवाला मांडवात कुणी धोतरजोडा देतो, कुणी घड्याळ देतो. आमच्या दाजींना बोरीच्या आबासाहेबांनी बायलर दिला.

दाजी म्हणजे चंद्रभान. पूर्णा जंक्शनच्या इंजिन शेडात ते फिटर होते. आबासाहेब बोरीचे जमीनदार, आणि गावाबाहेरची जिनिंग फॅक्टरी त्यांची. तिथं कापसातली सरकी वेगळी निघायची. मीही तिथंच जाळासाठी पळाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, वाहायच्या कामावर होतो. फॅक्टरीचा बायलर जुना, विहिरीएवढा. कोंबडा आरवला की त्याच्याखाली जाळ करायचा आणि सूर्य डोक्यावर आला की त्याला वाफ यायची. तोवर यंत्रं उभी, गडी बसलेले आणि कापसाच्या गाड्या वेशीपर्यंत लागलेल्या. आपल्याकडे कामापेक्षा कामाची तयारी मोठी असते, त्यामुळे याचं कुणाला काही वाटत नव्हतं. आबासाहेबांना मात्र वाटत होतं.

मांडवातच त्यांनी विषय काढला. "जावाईबापू, तुमी इंजिनावरचे मानूस. आमचा बायलर निस्ता बसून ऱ्हातो, कचेरीतल्या कारकुनावानी. काही करता येईल का?"

दाजी म्हणाले, "बाशिंग सोडल्यावर बोलू, आबासाहेब."

बाशिंग सुटलं आणि बोलणं झालं. लवकर वाफ देणारा बायलर करायचा. त्या बायलरवर एक हंगाम कापूस निघाला, तर फॅक्टरीचा सगळा कारभार दाजींच्या हाती. नाही निघाला, तर त्यांनी आपली वाट धरायची. एवढ्या बोलीवर दाजींनी रेल्वेची नोकरी सोडली.

कस्तुराबाई अंगावरच्या हळदीसकट भांडायला बसली. "लोक मेल्याबिगर रेल्वे सोडत न्हाईत, अन् तुमी जित्तेपनी सोडायलाव?"

"इंजिनाला म्या जनमभर तेल घातलं," दाजी म्हणाले, "एकदा माझ्या हातचं काहीतरी चालताना बघू दे की."

दाजींनी भंगारातून पातळ नळ्या आणल्या आणि त्या एकमेकींत गुंफल्या. पाणी नळ्यांत, जाळ नळ्यांच्या अवतीभवती. हंडाभर पाणी तापायला वेळ लागतो, वाटीभर लगेच तापतं. एवढीच त्यातली युक्ती, असं ते सांगायचे.

"पानी थोडं ठिवायचं अन् आग चहूकडून लावायची," त्यांनी बायकोला समजावलं.

"कळलं," कस्तुराबाई म्हणाली. "सासरी सुनेला ठिवतेत तसं."

पहिल्या चाचणीला आम्ही चौघे गडी जाळापाशी चिलीम भरून बसलो. मी झुरका मारून चिलीम पुढं दिली. ती फिरून माझ्याकडं यायच्या आत पुरी वाफ भरल्याचा भोंगा झाला. रस्त्यावरचे बैल बुजले आणि कापसाची एक गाडी नाल्यात गेली. आबासाहेबांनी गूळ वाटला. नाल्यातल्या गाडीवाल्यालाही दिला.

आता फक्त परवाना राहिला होता.

निजामाच्या सरकार-ए-आलीचा नियम असा, की मुआयना, म्हणजे तपासणी, होऊन परवाना मिळाल्याखेरीज बायलर कामाला लावायचा नाही. नियम शहाण्या माणसानं केलेला होता. अंमलदारांनी मालकांच्या घरी जेवून परवाने देऊ नयेत म्हणून त्यात तीन गोष्टी ठरवून दिल्या होत्या. मुआयना सुरू होण्याआधी मालकाचं खाल्लं, तर ती लाच. मुआयना संपल्यावर मालकाचं पाणी जरी घेतलं, तरी ती लाच. पण जाळ लावल्यापासून पुरी वाफ येईपर्यंत अंमलदाराला बायलर सोडून हलता येत नाही, म्हणून तेवढ्या वेळात त्याला जागेवरच चहा, फराळ किंवा जेवण द्यायला हरकत नाही.

जुन्या बायलरांना वाफ यायला अर्धा दिवस लागायचा. त्या अर्ध्या दिवसात बोकड कापून, शिजवून, जेवून, पान खाऊन वर डुलकीही व्हायची, आणि नियम जिथल्या तिथं राहायचा. साऱ्या मुलखात लाच थांबली होती.

मुआयन्यासाठी हैदराबादेहून बायलरसाहेब आले. रेल्वेनं परभणी आणि तिथून पुढं छकड्यात. सोबत त्यांचे पेशकार, म्हणजे कारकून, दिनकरराव. साहेब बाहेरगावचे, पण सगळ्या मुलखात हिंडून त्यांना आपली बोली येत होती. साहेब इमानदार होते. हे मी थट्टेनं लिहीत नाही. ते इमानदार नसते, तर हे प्रकरण त्याच दिवशी मिटलं असतं.

रीतीप्रमाणे इकडं बायलरला जाळ लागला आणि तिकडं केवळाबाईनं चूल पेटवली. केवळाबाई म्हणजे फॅक्टरीची सैपाकीण. परभणीपर्यंत तिच्या हातच्या मटणाचं नाव होतं. साहेब खुर्चीवर टेकले. त्यांनी एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडायलेत तोच भोंगा झाला.

दिनकररावांनी मान खाली घातली. "हुजूर, मुआयना खलास."

"खलास?" साहेब म्हणाले. त्यांनी केवळाबाईकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. साहेबांनी काढलेला बूट पुन्हा घातला आणि पाणीही न पिता छकड्यात बसले.

पंधरवड्यानं शेरा आला. 'सदर बायलर अंमलदारास मुआयन्यास पुरेसा अवकाश देत नाही. सबब दुरुस्ती करून फेरमुआयना व्हावा.'

"अवकाश म्हंजे काय असंल?" दाजींनी विचारलं.

केवळाबाई म्हणाली, "मटन शिजायला लागतो तेवढा येळ. मला इचारलं असतं तर कवाच सांगितलं असतं."

दुसऱ्या खेपेला आबासाहेबांनी सैपाक आधीच करून ठेवला. जाळ लागला आणि त्याच दमात साहेबांपुढं ताट आलं. साहेबांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली. पहिला घास पोटात गेला. दुसरा घास तोंडापाशी आला आणि भोंगा झाला. साहेबांनी घास तसाच ताटात ठेवला आणि हात धुतले.

आमच्याकडं भरल्या ताटावरून पाहुणा उठणं म्हणजे घराला बट्टा. आबासाहेब पागोटं हातात घेऊन साहेबांच्या आडवे उभे राहिले. "सायेब, दुश्मनसुदीक असा उठत न्हाई. चार घास खा."

"आबासाहेब, चार घास खाल्ले तर नोकरी जाते," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. भूक होती.

छकड्यात बसताना दिनकररावांनी दाजींना बाजूला घेतलं. "चंद्रभानराव, तुमचं डोकं लय तेज आहे. थोडं मंद करा. हुजूर जेवून उठेपर्यंत वाफ आली नाही पाहिजे."

"पन मग जुना बायलर काय वाईट होता?"

"जुन्याला परवाना आहे," दिनकरराव म्हणाले.

दाजी ऐकायला तयार नव्हते. आबासाहेबांनी त्यांना ओसरीवर बसवून समजूत घातली. "हे बघ चंद्रभान, चालवताना जल्दी अन् दाखवताना हळू. पोरगी बघायला पाव्हने आले की भांडखोर पोरीलाबी आपन मुकी करून बसवतो, का न्हाई? एका दिवसाचा तर सवाल हाय. हंगाम तोंडावर आलाय, अन् आपली बोली तू इसरला नसशील."

दाजी बोली विसरले नव्हते. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच्या हातानं पळाट्या भिजवल्या. ओला जाळ लागला. फॅक्टरीभर धूर झाला. गडी खोकत बाहेर पळाले. साहेब पुरे जेवले, वर भात घेतला, पान खाल्लं आणि खुर्चीतच झोपले. दिवस कलताना भोंगा झाला. साहेबांनी उठून आबासाहेबांचा हात हातात घेतला. आमच्या घरी त्या रात्री पुरणाच्या पोळ्या झाल्या.

शेरा आला. 'अर्जदाराने अर्जात बायलर जलद वाफ देतो असे लिहिले आहे. प्रत्यक्ष मुआयन्यात वाफ जुन्या बायलरपेक्षाही उशिरा आली. सबब दावा खोटा. परवाना नामंजूर.'

आबासाहेब म्हणाले, "साहेबाचं काही चुकलं न्हाई." तेही खरंच होतं. सगळ्या प्रकरणात चुकलेला माणूस एकच निघाला. तो रोज सकाळी बायलरपाशी जाऊन बसायचा आणि नळ्यांवर हात फिरवायचा.

कस्तुराबाई त्यांना म्हणाली, "पूर्णेला माघारी जावा. शेडातले लोक हासतील, पन पगार देतील."

"एक डाव अजून," दाजी म्हणाले.

चौथ्या खेपेची युक्ती त्यांना केवळाबाईच्या चुलीपाशी सुचली. ती फुंकणीनं चूल फुंकत होती आणि बडबडत होती, की तुमच्या यंत्राला एवढी वाफ येते, तर त्यातली थोडी माझ्या हंड्याला का देत नाही. दाजी तसेच उठले. त्यांनी बायलरमधून एक नळी काढली आणि केवळाबाईच्या देगीत, म्हणजे भाताच्या मोठ्या हंड्यात, सोडली. नळीला तोटी बसवली. तोटी उघडी असेतोवर वाफ देगीत जायची, त्यामुळं बायलरचा दाब भरायचा नाही आणि भोंगाही व्हायचा नाही. तोटी बंद केली, की एका चिलमीत भोंगा.

हे सगळं नियमाला धरून होतं. साहेबांसमोर जाळ लागला. देगीत वाफ शिरली. मटणपुलाव असा शिजला, की साहेबांनी दुसरा बूट काढून होईपर्यंत वाढायला घेतला. साहेब जेवू लागले. दाब भरलेला नव्हता, म्हणून मुआयना चालू होता. मुआयना चालू होता, म्हणून जेवण चालू होतं. साहेबांनी तीनदा मागून घेतलं. पान झालं. दाजींनी तोटी फिरवली आणि चिलीम फिरते न फिरते तोच भोंगा झाला.

साहेब उठून उभे राहिले. "चंद्रभान, ऐसा बायलर मैंने देखा नहीं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मिरचीनं असावेत, असं केवळाबाई म्हणाली.

या खेपेला पंधरवडा लागला नाही. आठवड्याच्या आत दिनकरराव मोहोरबंद परवाना घेऊन आले. आबासाहेबांनी डफडं वाजवलं, बायलरला नारळ फोडला. वेशीतल्या गाड्यांना आत घेतलं. मग दिनकररावांनी परवाना वाचून दाखवला. 'सदर बायलर मुआयन्यात ज्या कामी चालताना आढळला, त्या कामी, म्हणजे भात व मांस शिजविण्याच्या कामी, चालविण्यास परवानगी देण्यात येत आहे. अन्य कामी चालविल्यास जप्त होईल.'

"अन् कापूस?" दाजींनी विचारलं.

"कापसाचा मुआयना झालाच कुठं?" दिनकरराव म्हणाले. "आम्ही पुलाव पाहिला. पाहिलं तेच लिहावं लागतं."

गाड्या पुन्हा वेशीत गेल्या आणि जुन्या बायलरखाली जाळ लागला.

महिन्याभरानं तालुक्याच्या कचेरीतून माणूस आला. साहेबांनी जिथं जिथं मुक्काम केला, तिथं तिथं त्या पुलावाचं वर्णन केलं होतं. थोर अंमलदार दौऱ्यावर येत होते, सोबत मोठा लवाजमा होता, आणि भात शिजवण्याचा परवाना असलेला बायलर साऱ्या जिल्ह्यात एकच होता. आबासाहेबांनी तो त्यांना नजराणा म्हणून दिला. त्यांना दरबारात खुर्ची मिळाली. बायलर चार बैलांच्या गाडीवर चढला. तो चालवायला दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून दाजीही चढले.

आबासाहेबांनी बोली मोडली असं म्हणता येणार नाही. बायलरवर कापूस निघाला नव्हता, म्हणून कारभार दिला नाही. आणि वाट धरायची ठरली होती, ती दाजींनी धरलीच. पुढं पाच वर्षं ते दौऱ्याबरोबर हिंडले. अंघोळीचं पाणी, चहा, पुलाव. साहेब लोक त्यांना 'बावर्ची' म्हणायचे आणि खुशीत येऊन बक्षीस द्यायचे. कापसाच्या मुआयन्याचा अर्ज ते दर हंगामाला द्यायचे. अर्ज घेणारे अंमलदार त्यांच्याच हातचं जेवून तो घ्यायचे. घाई कुणालाच नव्हती.

एकदा पोखर्णीच्या मुक्कामावरून ते घरी आले होते. मी म्हणालो, "दाजी, बरं चाललंय की. पगार हाय, मान हाय."

"हाय ना," ते म्हणाले. "पन त्याला एकबी बोंड दाखवलं न्हाई म्या अजून." जसं काही लेकाला अजून शाळा दाखवली नाही.

ते आमच्याच घरी तापानं गेले. तेराव्याला शेपाचशे पान होतं आणि आमच्या घरी एवढी भांडी नव्हती. मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. बायलर एक दिवस मिळावा म्हणून अर्ज दिला. भीती होती की तेरावा उलटून जाईल. पण तिथं बदलून आलेल्या दिनकररावांनी काम विचारलं, 'भात शिजवणे' असं ऐकलं आणि उभ्याउभ्या मंजुरी दिली. स्वतःही जेवायला आले. गावातले सगळे आले. मेलेल्या माणसाचा बायलर कधी कापसाला लागला का, हे कुणी काढलं नाही. सगळे भाताला नावाजत होते.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. शिकलेल्यांना सांगितली, अडाण्यांना सांगितली, स्वराज्य आल्यावर नव्या साहेबांनाही सांगितली. वेशीतल्या कापसाचं पुढं काय झालं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. पुलाव कसा झाला होता, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. तुम्हीही केव्हाचे तेच विचारायच्या बेतात असाल, म्हणून सांगतो. भात मोकळा झाला होता आणि मीठ बेताचं होतं.

चंद्रभान एकोणीसशे सत्तेचाळीसच्या माघात वारले.