बरणीला कान लावणारे दौलतकाका

दौलतकाका बरणीला कान लावून बसलेले असले, की त्यांच्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. दारातून हाक मारली, तर डोळे न उघडता नुसता हात वर करायचे. "थांब मास्तर. बोलून राह्यली."

बोलत असायची ती लोणच्याची चिनी मातीची बरणी. आत संत्र्याचा रस अन् गूळ. रस फसफसतोय तोवर बरणी 'बोलते', गप्प झाली की फडक्यातून गाळून बाटल्यांत भरायचा. एवढंच काकांचं शास्त्र.

मी तेव्हा कारंज्याच्या शाळेत मास्तर होतो अन् काका आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. काकू वारलेल्या, पोरबाळ नाही, संत्र्याची बाग पुतण्यांच्या हवाली केलेली. आता आमच्या जिल्ह्यात दारूबंदी! काकांपुढे दारू हा शब्द काढायची सोय नव्हती. "दारू नोहे बाप्पा, औषध हाय!" मग एकदा हायवेच्या ढाब्यावर कोण्या ट्रकवाल्यानं चाखून 'ये तो वाईन है, चाचा' म्हटलं, तेव्हापासून ते ऐटीत 'कारंज्याची वाईन' म्हणायला लागले. पण वाटायचे ते औषध म्हणूनच, अन् औषध म्हटलं की आजार हवाच. दर रविवारी सकाळी आमच्या अर्ध्या आळीला खोकला व्हायचा. शेजारच्या हवालदारसाहेबांचा तर बारमाही होता.

अन् प्रकार तरी किती! संत्र्याची, बोरांची, तळेगावच्या बाजारातून टोपलीभर आणलेल्या जांभळांची. कारंजा म्हणजे ढाबे अन् ट्रक, असंच मीही समजून आलो होतो. इथं असला ऐवज निघेल हे कोणाला ठाऊक!

काका स्वतः मात्र थेंबही घेत नसत. चहाच्या कपात दोन घोट ओतायचे, अन् पिणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून विचारायचे, "सांग, कशी लागून राह्यली?"

"मस्त!"

झालं! काका भडकलेच. "मस्त काय मस्त? मस्त त कुल्फीबी असते! लागते कशी ते सांग ना!"

आता काय सांगणार, कपाळ? दारूबंदीच्या गावात फुकटच्या घोटाला नावं कोण ठेवतो? आम्ही 'झकास' म्हणायचो, 'एक नंबर' म्हणायचो. काका तोंड पाडून कप विसळायला न्यायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्तुतीची केवढी ही हाव!

मग माझं लग्न झालं अन् सुमन घरात आली. जाम गावच्या किराणा दुकानदाराची लेक. मनात एक अन् ओठांवर एक हा प्रकारच तिला माहीत नाही. काकांनी कौतुकानं आम्हा दोघांना बोलावलं अन् जांभळाची नवी बाटली उघडली. हवालदार खोकत खोकत आलेच होते. त्यांनी घोट घेतला, डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी म्हणाले, "एक नंबर!" माझ्या घशाची आग आग झाली. मीही 'झकास' म्हणून गिळलं.

सुमननं जीभ लावली अन् तोंड वेंगाडलं. "ईऽऽ! काका, हा त शिरका झाला! लोणच्यात टाका."

मी डोळे वटारले. काका ताडकन उठले. म्हटलं, आता बाटली आपटतात. पण त्यांनी सुमनच्या डोक्यावर हात ठेवला.

"आंबट हाय? खरंच?"

"भलतीच."

काका लहान पोरासारखे हसायला लागले. हसता हसता मटकन खाटेवर बसले. "कानाले आंबट ऐकू येत नाई ना, पोरी! मुदतीच्या तापात माह्या तोंडाची चव गेली, नाकाचा वास गेला. परत आलाच नाई. तुही काकू होती तवा ते चाखून सांगे. बिघडली त तोंडावर 'बिघडली' म्हणे. तिच्या सांगण्यानंच मले सारं लागे. ते गेली, अन् तवापासून साऱ्याईले मस्तच लागून राह्यलं."

"मग आमाले काऊन नाई सांगितलं?" हवालदारांनी विचारलं.

"हासले असते ना सारे! वाईनवाला, अन् त्यालेच चव समजत नाई."

कोणी हसलं नाही. एवढी वर्षं भिंतीपलीकडे हा माणूस एक खरा शब्द मागत होता!

काका आत जाऊन संत्र्याची बाटली घेऊन आले. "आता हे सांग, बाई. खरं सांगजो."

सुमननं घोट तोंडात घोळवला. "पहिले त संत्रं सोलताना साल डोळ्यात उडते ना, तसं झोंबते. मंग गोड. हळूहळू गोड होते. अन् गिळल्यावर, बी दाताखाली आल्यावानी, मागून जरासं कडू."

काका डोळे मिटून ऐकत होते, मान तिरपी करून, बरणीपाशी बसतात तसे. ओठ हलत होते. सुमन थांबली. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांब मास्तर. चव येऊन राह्यली मले."