निळ्या औषधाची परीक्षा

"साखरेच्या आजाराला आपुन वेसण घातली," असं भुजंगरावांनी पारावर चारचौघांत सांगून टाकलं होतं. वेसण कुणी कुणाला घातली होती, ते घरात सगुणाबाईंना पक्कं ठाऊक होतं.

कारण रोजची परीक्षा त्याच घ्यायच्या. काचेच्या नळीत गंगाखेडच्या डॉक्टरांनी दिलेलं निळं औषध घ्यायचं, त्यात नवऱ्याच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, विटकरी झालं तर साखर बेसुमार. भुजंगरावांची नळी रोज विटकरीच!

"रोजची एक वीट निघायलीय," ते म्हणायचे, "वर्षात माडी उठती बघ."

सगुणाबाईंना हसू येत नसे. नवऱ्याच्या पायाचा अंगठा चिघळला होता, आणि साखर उतरली नाही तर तो कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नवऱ्याबरोबर त्यांनीही गोड सोडलं. सुई टोचायलाही त्याच शिकल्या. आधी वांग्यावर, मग भुजंगरावांवर. वांग्यानं कधी तक्रार केली नव्हती.

आणि भुजंगराव? ते ऊस बघायच्या निमित्तानं शेजारच्या गुऱ्हाळावर जायचे, वाटीभर काकवी ओरपायचे आणि पाटाच्या पाण्यात मिशा धुऊन घरी यायचे.

एके दिवशी नळी इतकी लाल झाली की सगुणाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. काही खाल्लं का, असं त्यांनी विचारलं. भुजंगरावांनी सरळ औषधावर आळ घेतला. बाटली जुनी, औषध नासलेलं, त्यात सगळं गाव तपासलं तरी लालच येईल!

"मग माझी बघू की," सगुणाबाई म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय? माझी निळी ऱ्हायली तर औषध खरं, तुमी लबाड."

भुजंगरावांची पाचावर धारण बसली. नळी धुतली गेली, दिवा पेटला. त्यांनी डोळे मिटून मारुतीला नवस बोलला: देवा, एवढी हिची लाल कर, गावभर गूळ वाटतो.

नळी हिरवी झाली, पिवळी झाली आणि बघता बघता विटकरी झाली.

भुजंगराव दुखरा अंगठा विसरून ताडकन उठले. शेजाऱ्यांना बोलावून त्यांनी नळी दाखवली. सगुणाबाईही हसल्या. म्हणजे आजवरचं सगळं खोटंच, अंगठा वाचला! दोघं बाटली घेऊन एसटीनं गंगाखेडला गेले. डॉक्टरांना चार शब्द सुनवायचेच होते.

डॉक्टरांनी ते ऐकून घेतले. मग नवी बाटली फोडून दोघांची लघवी तपासली. दोन्ही नळ्या विटकरी. जुन्या बाटलीतल्या औषधात त्यांनी स्वतःची तपासली, ती निळीच राहिली.

"औषध चांगलंय," ते सगुणाबाईंकडे बघून हळूच म्हणाले. "आजार तुम्हालाही आहे."

परतीच्या एसटीत भुजंगरावांना राहवलं नाही. काकवीचं त्यांनी सांगितलं, नवसाचंही सांगितलं.

"काकवीचं ठाऊक होतं," सगुणाबाई म्हणाल्या. "मिशांना मुंग्या लागायच्या तुमच्या. पर औषध नासलंय म्हणलात, तवा लय बरं वाटलं वो."

भुजंगरावांना रडू आलं. त्यांनी पंच्यानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन नळ्या उकळू लागल्या. बायकोची नळी भुजंगराव स्वतः दिव्यावर धरायचे. "आता रोजच्या दोन विटा," सगुणाबाई म्हणाल्या. भुजंगरावांना हसू आलं नाही.

नवस मात्र पावला होता, तेव्हा गूळ वाटणं भाग होतं. शनिवारी मारुतीपुढं परात ठेवून दोघं बसले. अख्खं गाव खाऊन गेलं, फक्त त्या दोघांचेच हात कोरडे. नवस कशाचा, असं जो तो विचारायचा.

"औषध चांगलं निघालं," सगुणाबाई सांगायच्या, आणि पुढच्याच्या हातावर खडा ठेवायच्या.