नागोजी विणकर यांणी गोवराचे दुसरे डोसावर केलेली स्वारी

शके एकोणीसशे शेहेचाळीस, मार्गशीर्ष मास. वडगांवचे नागोजी विणकर, दोन यंत्रमागांचे धनी, यांणी आज्ञा केली कीं आमचे मोहिमेची हकीकत लिहावी आणि आमची फजिती तिळमात्र न झाकावी. सबब जैसी जाहली तैसी लिहिली असे.

कन्या ऋतिका, वय एकोणीस महिने. नववे महिनीं गोवर-रुबेलाचा पहिला डोस जाहला, ते समयीं बाईसाहेब अंजनी यांणी एकट्यानेंच मोर्चा सांभाळिला. सोळावे महिनीं दुसरा डोस देणें होता, तो नागोजीरावांनी तीन वेळ मागें सारिला. पहिले खेपेस मागावर ताण्याचे सुताचें नवें बीम चढविणें निकडीचें म्हणाले, दुसरे खेपेस कन्या शिंकली, आणि तिसरे खेपेस आपणांस गुरुवारचा उपवास ऐसें सांगोन अंगणवाडीची वाटच टाळिली.

इतक्यांत खबर आली कीं पलीकडील गल्लींत किशनचे लेकरास गोवर उठला, अंग पुरळानें भरलें, छाती दाटली आणि इस्पितळीं मुक्काम पडला. मग आशा कार्यकर्त्या राजाबाई आक्का उंबऱ्यावर येऊन ठाकल्या आणि फर्माविलें कीं दोन प्रहरांचे आंत लसीचे कार्डासुद्धां हजर व्हावें. बाईसाहेबांचा पाय मुरगळलेला, सबब खासा नागोजीरावांसच निघणें प्राप्त जाहलें.

तेव्हां रावांचा धीर सुटला. खाटेशीं बसोन हळूच म्हणाले, "पोरीचं न्हाय गं. मलाच सुई बघवत न्हाय."

अंजनीबाई हसल्या नाहींत. म्हणाल्या, "ठावं हाय मला. पोरीच्या तोंडाकडं बघा, सुईकडं नगं."

मग कन्येस कडेवर घेऊन, दोन ठिकाणीं दम खात, चारशें पावलांवरील अंगणवाडी गांठिली, आणि कन्येस मांडीवर घट्ट धरोन दंड उघडा केला. नर्सबाईंनी सुई टोंचिली. कन्येनें ऐसी आरोळी ठोकिली कीं रांगेंतील अवघीं लेंकरें रडूं लागलीं. परंतु राव तिचे मुखावरील नजर न काढितां बसले, तसूभर हालले नाहींत. मग कार्डावर तारीख चढली ती वाचिली, कन्या राजाबाईंचे हातीं सोंपविली, आणि मगच डोळे पांढरे करोन भुईवर आडवे जाहले. पाणी शिंपडिलें तों कन्या रडें टाकोन बापाच्या मिशा ओढीत होती.

येणेंप्रमाणें दुसरा डोस फत्ते जाहला. कन्येस एक रात्र किंचित ताप, तो सकाळीं उतरला. आमचेकडील जखमी एक, नागोजीराव. कपाळीं सुपारीएवढें टेंगूळ आलें, त्यावर बाईसाहेबांनी स्वहस्तें हळदीचा शिक्का केला.