डिक्कीतून माहेरी

गाडीच्या मागून येणारा आवाज आपण स्वतःच शोधून काढायचा, असं संतरामनं एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. तेवढं ठरवलं नसतं तर पुढचं काही झालं नसतं.

संतराम सेनगावच्या एका हायस्कुलात हेडक्लार्क. सव्वीस वर्षं जीपच्या दारात एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून प्रवास केल्यावर त्यानं गाडी घेतली. जुनीच, पण चार चाकांची. रंग पांढरा. (घेतली तेव्हा पांढरा. नंतर काय तो धुळीचा.) पंधरा दिवस तो नुसता हवेत होता. किराणा आणायलाही गाडी. दुकान घरापासून शंभर पावलांवर, आणि गाडी लावायला जागा मिळायची दोनशे पावलांवर.

सोळाव्या दिवशी मागून आवाज आला. खडुक्.

संतरामनं गाडी थांबवली, उतरला, वाकला, खाली पाहिलं. (खाली काय पाहायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण सगळे पाहतात.) काही दिसलं नाही. पुन्हा निघाला. खड्डा आला. खडुक् खडुक्.

मोहियोद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजात गाडी नेली की आवाज बंद. डॉक्टरासमोर लेकराचा खोकला थांबावा तसा. मोहियोद्दीन स्वतः चालवून यायचा आणि म्हणायचा, "साहेब, गाडी एकदम बराबर हाय."

"अहो, मी ऐकलाय आवाज!"

"तुमी ऐकला आसंल. गाडीनं न्हाई केला."

तरी संतरामच्या समाधानासाठी त्यानं बुश बदलले, मग शॉकप बदलले, मग सायलेन्सर आवळला. गॅरेजातून बाहेर पडून पहिल्या वळणावर: खडुक्.

तीन आठवडे संतरामला दुसरं काही सुचेना. शाळेत बिलं तपासताना त्याचा कान उगाच मागं वळायचा. गाडीत तर कोणी बोलायची सोय नव्हती. बायको मंजुळाबाई शेजारी बसून काही सांगू लागली, की तो हात वर करायचा. "गप. आवाज येऊन राहिला." तिच्या काचेच्या बांगड्या वाजतात म्हणून त्यानं त्या काढायला लावल्या. पायातल्या जोडव्यांवरही त्याचा संशय होता. ती बिचारी काय सांगत होती? भावाच्या मुलीचं, प्रतिक्षाचं, साखऱ्याला लग्न होतं, पुढच्याच रविवारी. एवढ्या वर्षांत एकदा तरी आपल्या गाडीतून माहेरच्या दारात उतरावं, इतकीच तिची हौस.

"आवाज सापडल्याशिवाय गाडी गावाबाहेर न्यायची न्हाई," संतराम म्हणाला. "रस्त्यात काही तुटलं म्हंजे?"

"मग शोधा ना तो आवाज."

"कसा शोधणार? मी गाडी चालवू का मागं कान लावू?"

"मी लावते कान," मंजुळाबाई म्हणाली.

मागच्या सीटवर बसून तिनं एक फेरी ऐकलं. आवाज आणखी मागून येत होता. मागं म्हणजे डिक्की. डिक्कीत माणूस बसवायची कल्पना कोणाची, यावर पुढं बराच वाद झाला. पण डिक्कीत गोधडी अंथरली संतरामनं आणि डिक्कीचं दार लावलंही संतरामनंच. मंजुळाबाई अंगानं किडकिडीत. गुडघे पोटाशी घेऊन, पदर दातात धरून ती आडवी झाली. वर सीटमागची फळी. फळीच्या फटीतून वारा आणि उजेड येत होता, पुढचं बोलणंही स्वच्छ ऐकू येत होतं.

"पहिला खड्डा आला की सांग," संतराम ओरडला.

पहिला खड्डा हिंगोली रस्त्याला गाव सुटल्या सुटल्या आला. खडुक्. मंजुळाबाईनं गोधडीखाली हात घातला. तिथल्या खाचेत जॅक होता, आणि त्याला आवळून धरणारा स्क्रू ढिला पडला होता. गाडी उसळली की जॅक पत्र्यावर आपटायचा. बस, एवढंच. तिनं रुमाल कोंबून जॅक घट्ट बसवला. आता "अहो, सापडला!" म्हणून हाक मारणार, तेवढ्यात गाडी थांबली.

रस्त्यावर हरिचंद मास्तर उभे होते, हरभऱ्याचं पोतं घेऊन. संतरामच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. मास्तरांना सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या तालुक्याला कळायची, अशी त्यांची ख्याती.

"बरं झालं भेटला संतरामभाऊ! शेतातून येऊन राहिलो. डिक्की उघडा, पोतं टाकतो."

डिक्की उघडली तर आत बायको. मास्तरांना काय सांगायचं?

"डिक्की... डिक्की उघडत न्हाई. बिघडली."

आत मंजुळाबाईनं पदर पुन्हा दातात धरला. पन्नाशीच्या बाईला नवरा डिक्कीत घालून फिरवतो, हे मास्तरांना कळायच्या आधी धरणी फाटलेली बरी. म्हणून तीही गप्प राहिली. पोतं मागच्या सीटवर आलं, मास्तर पुढं बसले, गाडी परत गावाकडं वळली.

"एकलेच? वहिनी कुठं हायेत?"

इथं 'घरी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण घाबरलेल्या माणसाला साधं खोटं सुचत नाही.

"गेली माहेरी. भाचीचं लग्न हाय ना."

"मंग मजा हाय बुवा तुमची!"

संतराम हसला. त्याला वाटलं, विषय इथं संपेल. पण मास्तर वाट पाहत होते, आणि गप्प बसलो तर संशय येईल असं वाटून तो बोलू लागला. "मजा म्हंजे काय! घर कसं शांत झालंय. सकाळपासून कोणी डोकं खाल्लं न्हाई. चहा मीच केला. तिच्यापेक्षा चांगला झाला."

मागून आवाज आला. खाड्!

"ऐकलं?" संतराम म्हणाला. "हाच तो आवाज. तीन हप्ते झाले."

"पण आत्ता खड्डा कुठं होता?"

"त्याला खड्डा लागत न्हाई. मनात आलं की येतो." आवाजाला साक्षीदार मिळाल्याच्या आनंदात संतराम आणखी सुटला. "खरं सांगू का मास्तर, तिच्या माहेरच्यांचं मला कौतुकच न्हाई. साखऱ्याला गेलं की चार दिवस तेच ते तोंड. म्हणून गाडीचं निमित्त बरं. आवाज हाय म्हटलं की झालं."

खाड्! खाड्! खाड्!

(जॅक तर रुमालात शांत झोपला होता. मंजुळाबाईच्या हातात आता चाकाचा पाना होता.)

मास्तरांनी मान वळवून मागं पाहिलं. "संतरामभाऊ, ह्यो आवाज मशीनचा वाटत न्हाई. कोणी तरी दार वाजवून राहिल्यावानी हाय."

"आज वाढलाय जरा."

"वाढलाय? रागावलाय! आधी मिस्त्रीकडं घ्या. मी संगं येतो. डोळ्यानं पाहिल्याशिवाय मला चैन न्हाई पडायची."

संतरामनं नाना तऱ्हांनी टाळलं. रविवार हाय, गॅरेज बंद असेल. गॅरेज उघडं होतं. मिस्त्री जेवायला गेला असेल. मिस्त्री दारातच उभा होता, आणि सोबत चार रिकामे लोकही. मास्तर उडी मारून उतरले.

"मोहियोद्दीनभाई, आवाज धरला! डिक्कीतच हाय!"

"डिक्की बिघडलीय!" संतराम ओरडला.

मोहियोद्दीननं खटका दाबला. डिक्की लगेच उघडली.

मंजुळाबाईनं आधी डोक्यावर पदर घेतला, मग एक पाय खाली टाकला, मग दुसरा. अंगाचं नुसतं मुटकुळं झालं होतं, पण ती ताठ उभी राहिली.

मास्तरांच्या तोंडाचा आ झाला होता. "वहिनी... तुमी तं माहेरी गेल्या होत्या ना?"

"चालले ना भाऊजी, माहेरीच," ती म्हणाली. "इथवर डिक्की मिळाली म्हणून आले."

मग तिनं पाना मोहियोद्दीनच्या हातात दिला. "भाऊ, जॅकचा स्क्रू ढिला हाय, तेवढा आवळा. गाडी बाकी बराबर हाय. तुमाला तीन हप्ते उगाच तकलीफ झाली."

नवऱ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. होती त्या साडीनिशी स्टँडवर गेली आणि साखऱ्याच्या जीपमध्ये बसली.

दुपारपर्यंत सगळ्या सेनगावला कळलं. (मास्तरांनी ख्याती राखली.) संतराम कुठंही थांबला की कोणी तरी येऊन डिक्कीवर टकटक करायचं आणि अदबीनं विचारायचं, "वहिनी, बऱ्या हायेत ना?" शाळेत शिपायानं विचारलं. टपरीवर एका अनोळखी माणसानंही विचारलं. घरी आल्यावर मात्र कोणी काही विचारत नव्हतं. संतराम भातात पाणी कमी घालायचा, दुसऱ्या दिवशी जास्त घालायचा, आणि दोन्ही दिवशी गुपचूप खायचा. चहा तर त्याला स्वतःच्या हातचा पिववेना. गाडी अगदी मुकी झाली होती. एकदा खड्ड्यातून जाताना त्यानं मुद्दाम कान दिला. काही नाही. त्याला उगाच भरून आलं.

रविवारी तो लग्नाला साखऱ्याला गेला. गाडी मांडवापाशी थांबली, तसा मेव्हणा विश्वंभर पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "या दाजी. एकलेच आले का? थांबा, डिक्की पाहू द्या." सगळा मांडव हसला. हसणं अक्षता पडेपर्यंत चाललं. संतराम जेवणाच्या पंगतीत मान खाली घालून बसला होता. भाजी वाढणाऱ्या बेबीबाईंनी, विश्वंभरच्या बायकोनं, त्याच्या ताटात दोनदा काही वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मंजुळाबाईला अंगणात एकटं गाठलं.

"चल ना घरी. आवाज बंद झाला गाडीचा."

"मग मला काहून न्यायला आले?"

संतराम हातातली किल्ली चाळवू लागला. "बोलण्याच्या भरात गेलं तोंडातून. मास्तरासमोर काय बोलणार होतो?"

"मास्तरासमोर बोलले त्याचं न्हाई," ती म्हणाली. "त्या जॅकला तुमी तीन हप्ते कान देऊन ऐकलं. मी सव्वीस वर्षं बोलून राहिले." मग अंगणातली पिशवी उचलत म्हणाली, "येते घरी. घर माझं बी हाय. पण त्या गाडीत न्हाई."

आणि ती काळ्यापिवळ्या जीपमध्ये जाऊन बसली.

संतराम काय करणार? त्यानं गाडी काढली आणि जीपच्या मागं लावली. जीप हळू झाली की तो हळू, जीप थांबली की तो थांबायचा. पुढं बायकांनी खच्चून भरलेली जीप, मागं रिकामी पांढरी गाडी. जीपवाल्या थावरानं हात बाहेर काढून 'जा पुढं' म्हणून दोनदा खुणावलं. संतराम गेला नाही. तिसऱ्यांदा थावरानं जीप बाजूला घेतली आणि तणतणत खाली उतरला.

"ओ काका, काहून मागं लागले? माझे पॅसेंजर पळवता का?"

"न्हाई हो," संतराम काच खाली करून म्हणाला. "तुमच्या जीपमध्ये माझी बायको हाय."

थावराला ते पटलं नाही, पण माणूस सज्जन होता. तो परत गेला, जीपच्या मागच्या दारातून आत डोकावला आणि मोठ्यानं विचारलं, "बायांनो, त्या पांढऱ्या गाडीवाल्याची बायको कोण हाय?"

आत अकरा बायका होत्या. अकराही जणी समोरच्या शेताकडं पाहत बसल्या.

थावरा माघारी आला. आता त्याचा राग गेला होता, उलट थोडी दयाच आली होती. संतरामच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काका, तुमची जीप चुकली. मागून दुसरी येऊन राहिली, तिच्यात पाहा."